‘आपलं ठिकाण’ नावाचा रिकामा रकाना

८ सप्टेंबर

चौथीचा वर्ग, ३४ मुलं, भूगोलाला आठवड्यातून दोन तास. आज प्रकल्पाचा तक्ता भिंतीवर चढवला. दूरची पाच ठिकाणं आणि एक आपलं, सगळ्यांना तेच सहा प्रश्न: सूर्य कधी उगवतो आणि मावळतो, पाऊस किती, हवा किती गरम किती गार, घरं कशी आणि तशी का, पाणी कुठून येतं, शेजारच्या वस्तीला जायला किती वेळ लागतो.

दूरची ठिकाणं अशी: उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगयरब्येन, विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेलं क्विटो, दक्षिण अमेरिकेच्या शेपटाला असलेलं उशुआइया, चिलीच्या वाळवंटातलं आरिका आणि अटलांटिक महासागराच्या मधोमध ट्रिस्टन दा कुन्हा. सहावा रकाना ‘आपलं ठिकाण’. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, सोपा म्हणून. सगळं करून दमल्यावर पटकन भरून होईल असं वाटलं होतं.

तसं झालं नाही. नकाशासंग्रह, विश्वकोशाचे दोन खंड आणि मी काढून आणलेली माहितीची पानं घेऊन मुलांनी दोन तासांत दूरचे रकाने निम्मे भरले. ‘आपलं ठिकाण’खाली सूर्य कधी उगवतो याचं उत्तर ‘सकाळी’. पाऊस किती? ‘खूप’. पाणी कुठून येतं? ‘नळातून’. घरं तशी का? यावर वर्ग शांत. एकाने शेवटी विचारलं, “बाई, तशीच असतात ना घरं?”

मला हसू आलं, पण मग मीच त्या ओळी मनात भरून पाहिल्या. सूर्योदयाची वेळ मलाही सांगता आली नाही.

१० सप्टेंबर

योजना उलटी केली. आता नियम असा: कोणत्याही ओळीत दूरचा आकडा लिहायच्या आधी आपला मोजायचा. मोजलेला नसेल तर दूरचा आकडा पेन्सिलीने, मोजल्यावर पेनने. सहकारी शिक्षक म्हणाले, असं केलंस तर अभ्यासक्रम मार्चपर्यंत काय, पुढच्या मार्चपर्यंत संपणार नाही. खरं आहे. सहापैकी दोन ओळी नीट झाल्या तरी चालतील असं मी स्वतःला सांगून ठेवलंय.

१५ सप्टेंबर

पाऊस. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला, तळाच्या गोलाईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची रेघ मारली, बाजूला पट्टी चिकटवली. पर्जन्यमापक तयार. ही कृती प्रत्येक पुस्तकात असते, त्यावर जास्त लिहीत नाही.

अडचण बाटलीत नसते, ‘मिलिमीटर’ या शब्दात असते. मुलांना पाऊस म्हणजे पाणी, आणि पाणी लिटरमध्ये मोजतात हे घरून माहीत असतं. ते उंचीत का मोजायचं? मी तोंडाने समजावलं, चेहरे कोरेच राहिले. मग व्हरांड्यात खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन काढला आणि कडेने मातीचा बांध घातला. एक लिटर पाणी ओतलं. फरशी जिथे सपाट होती तिथे पट्टी उभी धरली, एक मिलिमीटर. म्हणजे एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर सगळं सरळ झालं.

मग आरिका. तिथला वर्षाचा सरासरी पाऊस एक मिलिमीटरही भरत नाही. ज्या चौकोनात आत्ता एक लिटर ओतलं, त्याहून कमी पाणी तिथे अख्ख्या वर्षात पडतं. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात तर तिथे पाऊस झालाच नाही. “म्हणजे चौदा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा पाऊस बघणार!” शेवटच्या बाकावरून आवाज आला. हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, पुसू दिलं नाही.

दुसरं टोक हवं म्हणून मॉसिनराम घेतलं. मेघालयातलं, वर्षाला सरासरी ११,८७२ मिलिमीटर. आमच्याच चौकोनात ११,८७२ लिटर. शाळेची बादली १५ लिटरची. भागाकार मुलांनी केला: ७९१ बादल्या आणि थोडं वर. हा भागाकार त्यांना गणिताच्या तासाला येत नव्हता, हे इथे नोंदवून ठेवते. उंचीच्या हिशोबात ते पावणेबारा मीटरच्या वर जातं. आमची इमारत दुमजली आहे, भिंतीवर खूण करायला भिंतच पुरली नाही. एका मुलीने गच्चीकडे बोट दाखवून “अजून वर, अजून वर” असं बराच वेळ चालवलं.

मग नेहमीचा प्रश्न आला, इतका पाऊस म्हणजे तिथली माणसं बुडत नाहीत का? इथे नकाशा उपयोगी पडला. डोंगराच्या कड्यावरचं ठिकाण, पाणी उतारावरून खाली निघून जातं. समुद्राकडून आलेली ओली हवा डोंगराला अडते, वर चढते, गार होते आणि पाऊस टाकते. आरिकाजवळ उलट आहे: किनाऱ्याशी थंड समुद्रप्रवाह, त्यामुळे समुद्रावरची हवाही थंड, आणि थंड हवा वर चढत नाही. धुकं मात्र होतं. त्याच देशात वाळवंटाच्या दक्षिण कडेला चुंगुंगो नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. १९९०च्या दशकात त्यांनी डोंगरावर उभ्या जाळ्या लावून धुक्यातलं पाणी गोळा केलं आणि नळाने गावात आणलं. ‘पाणी कुठून येतं’ या ओळीत ‘जाळीतून’ असं उत्तर असू शकतं, याचा मुलांना फार आनंद झाला.

आपल्या रकान्यात ‘नळातून’ तसंच आहे. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

१९ सप्टेंबर

पर्जन्यमापकात आज १४० मिलिमीटर. काल रात्री पाऊस पडलेला नाही. कोणीतरी बाटलीत पाणी ओतलंय. चौकशी केली नाही. वर्गाला एवढंच विचारलं, की हा आकडा खरा धरायचा का. त्यांनी जमीन पाहिली, कोरडी. शेजारची कुंडी पाहिली, कोरडी. आकडा खोडला आणि शेजारी ‘खोटा पाऊस’ असं लिहिलं. कोणी शिकवलं नसतं असा धडा झाला. ओतणाऱ्याला मनातून धन्यवाद.

२३ सप्टेंबर

सावलीचा दिवस. प्रशिक्षणाच्या वेळची माझी मैत्रीण आमच्यापासून बरीच उत्तरेला एका शाळेत शिकवते. फोनवर ठरवलं: एकाच दिवशी दोघींच्या शाळेत एक मीटरची काठी उभी करायची आणि भर दुपारची सगळ्यात लहान सावली मोजायची.

बाराच्या ठोक्याला सावली सगळ्यात लहान असते असं आमच्या मुलांनी गृहीत धरलं होतं. म्हणून अकरापासूनच दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायला लावली. खुणांची वक्र रांग तयार झाली. सर्वांत लहान सावली बाराला नव्हती. “घड्याळ चुकलंय,” असा निष्कर्ष निघाला. घड्याळ चुकलेलं नव्हतं. देशाचं घड्याळ एका ठरावीक रेखावृत्तावर लावलेलं असतं आणि सूर्य प्रत्येक ठिकाणी आपापल्या वेळेला माथ्यावर येतो. मैत्रिणीचा फोन आला, त्यांची सर्वांत लहान सावली आमच्यानंतर २० मिनिटांनी. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे ती शाळा आमच्या पश्चिमेला पाच अंशांवर. नकाशासंग्रह उघडून पाहिला आणि बरोबर निघालं! वर्गात कुणीतरी टाळी वाजवली. भूगोलाच्या तासाला टाळी मी पहिल्यांदा ऐकली.

आमची सावली ३३ सेंटिमीटर. त्यांची ५१.

२६ सप्टेंबर

सावल्यांचं पुढे काय करायचं, तर एराटोस्थेनीसने केलं तेच. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात हा माणूस अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी सायीनी (आजचं आस्वान) इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, विहिरीच्या तळाशी त्याचं प्रतिबिंब दिसतं, असं त्याला कळलं होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या काठीची सावली पडते. त्या सावलीचा कोन त्याने मोजला, तो वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. म्हणजे दोन गावांमधल्या अंतराच्या पन्नासपट पृथ्वीचा घेर. आपलं गाव आणि दूरचं गाव यांची तुलना करून केलेला हा मला माहीत असलेला सर्वांत जुना आणि सर्वांत देखणा भूगोल.

चौथीला त्रिकोणमिती नाही, म्हणून आलेखाच्या कागदावर काठी दहा सेंटिमीटर उभी काढली आणि सावली त्याच प्रमाणात आडवी. टोकं जोडली, कोनमापक लावला. आमचा कोन १८ अंश, त्यांचा २७. फरक ९. वर्तुळात असे ४० तुकडे. नकाशावरून दोन्ही शाळांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,१०० किलोमीटर. चाळीस गुणिले अकराशे, ४४ हजार किलोमीटर.

ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा घेर ४०,००८ किलोमीटर. मुलांचे चेहरे पडले. मला मात्र आनंदाने उडी मारावीशी वाटत होती. एक काठी, एक पट्टी आणि एक फोन एवढ्यावर चौथीच्या वर्गाने पृथ्वी मोजली आणि चूक दहा टक्के! चूक कुठे झाली असेल यावर अर्धा तास गेला. काठी तिरकी होती. जमीन उतरती होती. “त्यांची पट्टी आपल्या पट्टीएवढी आहे का?” हा प्रश्न सगळ्यांत चांगला होता. मैत्रिणीने नंतर कबूल केलं, त्यांची काठी वाळूच्या डब्यात खोचलेली होती आणि डब्याची उंची कोणी मोजलीच नाही, सावलीचं टोक जमिनीवर आणि काठीचं बूड डब्यात. मी तिला काय बोलणार, आमच्या आवाराचा उतार मलाही दिसला नव्हता.

(दोन्ही शाळा एकाच रेखावृत्तावर असायला हव्यात असं नाही. आपापली सर्वांत लहान सावली घेतली आणि अंतर फक्त दक्षिणोत्तर धरलं की झालं. २३ सप्टेंबरसारखा विषुवदिनच (दिवस-रात्र जवळजवळ सारखी असण्याचा दिवस) पाहिजे असंही नाही, दिवस दोन्हीकडे एकच हवा.)

७ ऑक्टोबर

आज छायाचित्राचा खेळ. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाचं एक चित्र मोठं छापून आणलं आणि वरचा अर्धा भाग कागदाने झाकला. दिसतंय ते गवत आणि जिराफ. हे ठिकाण कसं असेल? उत्तरं एकामागून एक: जंगल, झोपड्या, वाघ (आफ्रिकेत रानटी वाघ नसतात, तो वेगळा तास), शाळा नाही, रस्ते नाहीत. सगळी उत्तरं फळ्यावर लिहिली. मग कागद काढला. जिराफांच्या मागे उंच काचेच्या इमारती. हे उद्यान १९४६ साली स्थापन झालं आणि नैरोबी शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर आहे.

मुलं थोडा वेळ गप्प. मग एकजण जरा रागाने म्हणाला, “तुम्ही झाकलंत म्हणून!” अगदी बरोबर, मीच झाकलं होतं. मग प्रत्येकाला आपल्या शाळेचा परिसर दोनदा काढायला दिला, पट्टीएवढी खिडकी कापलेला पुठ्ठा डोळ्यांसमोर धरून. एका चित्रात शाळा अशी दिसली पाहिजे की बघणाऱ्याला वाटावं हे रान आहे, दुसऱ्यात वाटावं हे मोठं शहर आहे. कोणीही खोटं काही काढायचं नाही. ३४ मुलांची ६८ चित्रं. ती भिंतीवर लावायला जागा नाही, व्हरांड्यात दोरीला टांगलीत.

१४ ऑक्टोबर

‘बिचारे’ या शब्दाचा वैताग आलाय. लाँगयरब्येनचे बिचारे, आरिकाचे बिचारे, ट्रिस्टनचे तर फारच बिचारे. शब्दाला बंदी घालावीशी वाटली. पण बंदीने शब्द जातो, भावना राहते.

त्याऐवजी तीन चित्रं दाखवली, तिन्ही खांबांवरच्या घरांची. एक लाँगयरब्येनचं, दुसरं कंबोडियातल्या टोन्ले साप सरोवराकाठचं, तिसरं बेनिनमधल्या नोकुए सरोवरातल्या गानविए गावचं. प्रश्न एकच, घर खांबांवर का? मुलांनी तिन्हींना ‘पाणी येतं म्हणून’ असं उत्तर दिलं. मी विचारलं, पहिल्या चित्रात पाणी कुठे आहे? बर्फ आहे, बर्फ वितळतो, म्हणून पाणी. पठ्ठ्यांनी हार मानली नाही.

एका उत्तराच्या तिथे तीन निघाली. टोन्ले साप पावसाळ्यात कित्येक मीटर चढतं, त्याला जोडलेली नदी तेवढ्या महिन्यांत उलटी वाहते, म्हणून घरं उंच. गानविए मुळात पाण्यातच वसवलेलं. लाँगयरब्येनला मात्र भीती घराच्या उबेची. खालची जमीन कायम गोठलेली, घर थेट तिच्यावर बसवलं तर घराचीच ऊब ती जमीन वितळवेल आणि घर खचेल. म्हणून मधून थंड वारा जायला जागा सोडायची. घराने जमिनीला त्रास देऊ नये म्हणून खांब, ही गोष्ट मुलांना भयंकर आवडली. ‘बिचारे’ त्या तासात एकदाही आलं नाही. मला वाटतं, ‘का’चं उत्तर मिळालं की कीव करायला सवड उरत नाही.

आपली घरं जमिनीवर का, हा प्रश्न घरी न्यायला दिला. दुसऱ्या दिवशी आलेली उत्तरं विशेष नव्हती. एक सोडून: “आमचं घर जमिनीवर नाही, दुसऱ्यांच्या घरावर आहे.” तिसऱ्या मजल्यावर राहतो.

१७ नोव्हेंबर

दिवसाच्या पट्ट्या. २४ सेंटिमीटरची कागदी पट्टी, एक सेंटिमीटर म्हणजे एक तास. उजेडाचे तास पिवळे, रात्र काळी. दर महिन्याला प्रत्येक ठिकाणाची एक पट्टी. सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या पट्ट्या सगळ्या जवळजवळ सारख्या निघाल्या होत्या, अर्ध्या पिवळ्या अर्ध्या काळ्या, ध्रुवाजवळचं काय आणि विषुववृत्तावरचं काय. तेव्हा मुलं कंटाळली होती, “सगळं सेमच आहे.” आज नोव्हेंबरच्या पट्ट्या शेजारी लावल्या आणि वर्ग उठून भिंतीपाशी आला. क्विटो जागेवर. उशुआइयाचा पिवळा पसरत चाललाय. आपला थोडा आखडलाय. लाँगयरब्येनची पट्टी पूर्ण काळी, तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून सूर्य क्षितिजावर आलेला नाही.

“मग शाळा कधी भरते?” घड्याळाने. “मग मुलं उठतात कशी?” घड्याळानेच. “मग सूर्य परत कधी येणार?” तारीख सांगितली. त्यावर पुढे येईलच.

एक खटका उडाला, तोही लिहिते. आपली पट्टी आम्ही वर्तमानपत्रात छापलेल्या सूर्योदयाच्या वेळेवरून भरतो. एक मुलगी दोन आठवडे घरच्या दारातून पाहून वेळ लिहीत होती, तिची वेळ रोज छापील वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा. मी म्हटलं, उशिरा उठत असशील, छापलेली वेळ लिही. तिने खोडून लिहिली. काही बोलली नाही.

२५ नोव्हेंबर

विषुववृत्तावर फार गरम असतं, हे सगळ्यांना पाठ. क्विटोची सरासरी हवा १४-१५ अंश. सिंगापूरची २७-२८. दोन्ही विषुववृत्तालगतच. फरक उंचीचा: क्विटो २,८५० मीटरवर, सिंगापूर समुद्राला टेकलेलं. मातीच्या उठावाच्या नकाशात हात फिरवून मुलांनी क्विटो शोधलं. तास लवकर संपला, उरलेल्या वेळात गोष्ट सांगितली.

९ डिसेंबर

दूर म्हणजे किती दूर? किलोमीटर सांगून मुलांना काहीच कळत नाही. हजार आणि दहा हजार दोन्ही ‘खूप’. म्हणून आज अंतर वेळेत मांडलं. दोरीवर चिमटे: घरापासून शाळा, शाळेपासून जवळचं मोठं रुग्णालय, पलीकडचं गाव, विमानाने क्विटो. दोरीच्या पार टोकाला आलं ट्रिस्टन दा कुन्हा, क्विटोहून कितीतरी लांब, जरी किलोमीटरमध्ये तसं नाही. तिथे विमानतळ नाही. केप टाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटर, बोटीने आठवडाभर, आणि बोटी वर्षातून मोजक्याच. वस्ती अडीचशेच्या आत. गावाचं नाव एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज, त्यावर मुलं बराच वेळ हसली, गावापेक्षा नाव मोठं.

१९६१ साली तिथे ज्वालामुखी जागा झाला आणि सगळ्यांना बोटीने इंग्लंडला न्यावं लागलं. तिथे घरं मिळाली, कामं मिळाली. १९६३ मध्ये बहुतेकजण परत गेले. का गेले असतील? मी उत्तर दिलं नाही, मुलांना लिहायला सांगितलं. ‘तिथे त्यांचे बटाटे होते’ असं एकीने लिहिलंय. बेटावर बटाट्याचे वाफे आहेत हे तिने माहितीच्या पानावर वाचलं होतं. या उत्तराला मी खूण कुठली करावी या विचारात वही अजून माझ्याकडेच आहे.

२२ डिसेंबर

पट्ट्या लावल्या. उशुआइयाचा पिवळा सतरा तासांच्या पुढे. लाँगयरब्येन शून्य. क्विटो हटत नाही, मुलं त्याला ‘हट्टी’ म्हणतात. एकाला उशुआइयाच्या डिसेंबरात उन्हाळा हे पटतच नव्हतं. मग खोली अंधारी केली, विजेरी सूर्य, पृथ्वीगोल कलता धरून टेबलाभोवती फिरवला. मी फिरवताना कल बदलत होता हे एका पोराने पकडलं. “बाई, तुम्ही दांडा वळवताय. तो नेहमी त्या खिडकीकडेच राहिला पाहिजे ना?” सगळ्या धड्याचा गाभा त्या दांड्यात आहे आणि तो मीच चुकवत होते.

१३ जानेवारी

मैत्रिणीच्या वर्गाने आमच्याविषयी प्रश्न पाठवले. पाठ्यपुस्तकात नसतात असे. तुमच्या शाळेजवळची माती कोणत्या रंगाची? सगळ्यात जवळचं वाहतं पाणी कोणत्या दिशेला जातं? वारा बहुतेक कुठून येतो? तुमच्या नळाचं पाणी नळाच्या आधी कुठे असतं?

एकाचंही उत्तर वर्गात नव्हतं. चार तास बाहेर काढले. मुलं काड्यापेट्यांतून मातीचे अकरा नमुने घेऊन आली, शाळेच्या आवारातच तीन रंग. नाल्यात पान सोडून त्याच्या मागे चालत गेली. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी येऊन तासभर बोलले, टाकी, त्याआधी शुद्धीकरण केंद्र, त्याआधी धरण, त्याआधी नदी. ‘नळातून’ हे उत्तर चार महिन्यांनी पेनने खोडलं गेलं.

४ फेब्रुवारी

चाचणी घेतली, जुन्या पद्धतीची: लाँगयरब्येन कोणत्या देशात, क्विटो कोणाची राजधानी. गुण साधारण. ज्यांनी पृथ्वी मोजताना सगळ्यांत चांगले प्रश्न विचारले ते दोघे खालच्या पाचांत. चाचणी वाईट होती. पुन्हा घेणार नाही, पण गुण द्यावे लागले.

६ मार्च

लाँगयरब्येनचा सूर्य. नोव्हेंबरमध्ये मुलांना सांगितलेली तारीख ८ मार्च. खरं तर तिथे सूर्य फेब्रुवारीच्या मध्यालाच क्षितिजावर येतो. पण गाव दरीत, भोवती डोंगर, त्यामुळे ऊन गावात पोचायला आणखी तीन आठवडे लागतात. ८ मार्चच्या सुमारास ते जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांवर पडतं. रुग्णालय आता उरलेलं नाही, पायऱ्या आहेत. लहानथोर तिथे जमून वाट बघतात.

हे सांगता सांगता मी मध्येच थांबले. क्षितिजावरचा सूर्य वेगळा आणि दारात आलेलं ऊन वेगळं. नोव्हेंबरमध्ये जिला मी वेळ खोडायला लावली तिच्याकडे पाहिलं. तिच्या घराच्या पूर्वेला काय आहे, विचारलं. “टेकडी,” ती म्हणाली. “मी तेव्हाही पाहिलेलंच लिहिलं होतं.”

वर्गासमोर तिची माफी मागितली. तक्त्यात सातवी ओळ आखली: ऊन पहिल्यांदा कुठे पडतं आणि कधी.

९ मार्च

सकाळची शाळा सातची, मुलं साडेसहालाच हजर. छापील सूर्योदय ६:४५. आम्ही चौघाचौघांच्या गटांनी आवारात पसरलो. ६:४५ला काही झालं नाही. समोरच्या इमारतीमागे आभाळ नुसतं उजळत होतं. ७:०८ला पाण्याच्या टाकीचा कोपरा. ७:१५ला झेंड्याच्या खांबाचं टोक, की आधी खांब आणि मग टाकी यावरून दोन गटांत वाद, दोघांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक निघाला. ७:२२ला मुख्य दाराची तिसरी पायरी. पहिली आणि दुसरी नाही, तिसरी.

त्या मुलीने तक्त्यासमोर उभं राहून लाँगयरब्येनच्या रकान्यात ‘जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्या, ८ मार्च’ लिहिलं. शेजारी ‘आपलं ठिकाण’खाली लिहिलं: ‘तिसरी पायरी, ७:२२’. पेनने. बाकीचे पायरीवर दाटीवाटीने बसले होते, त्यांना वर्गात आणायला मला पंधरा मिनिटं लागली.